पक नसताना पोरगा काय करतो?

काका, नमस्कार. मी कॅनडात, ओंटारियोतल्या किचनरला राहतो. दिवसा विमा कंपनीत आकडेमोड करतो आणि गेली दीड वर्षं संध्याकाळी एका एनएचएल क्लबसाठी (एनएचएल म्हणजे आइस हॉकीची इथली सर्वांत मोठी लीग) अर्धवेळ स्काउट, म्हणजे होतकरू पोरं हेरणारा, म्हणून ओएचएल या ओंटारियोच्या ज्युनियर लीगच्या मॅचेस बघतो. महिनाभरात मला माझ्या भागातल्या पोरांची क्रमवार यादी द्यायची आहे आणि दोन नावांवर गाडी अडली आहे. एक विंगर आहे, ६ फूट ४ इंच, ३८ गोल (जन्म ऑक्टोबरचा). सेंट्रल स्काउटिंगच्या (हे एनएचएलचं स्वतःचं पोरं पारखणारं खातं) जानेवारीच्या यादीत तो बराच वर आहे आणि आमच्या मुख्य स्काउटनाही आवडतो. दुसरा सेंटर आहे, ५ फूट ९ इंच, १७ गोल आणि ४१ असिस्ट (जन्म २८ ऑगस्टचा). यादीत खूप खाली. माझा जीव मात्र या दुसऱ्यात अडकलाय. आता खरी अडचण सांगतो. या पोराची आई मराठी, आमच्याच मंडळातली. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. गणपतीत त्यांच्या हातचे मोदक खाल्लेत. बायको म्हणते, "तुला तो आवडतो कारण तो 'आई' अशी हाक मारतो." मला आता माझ्याच डोळ्यांवर भरवसा उरला नाही. शिवाय वहिनी भेटल्या की विचारतात, "आमच्या बाळाबद्दल काय म्हणतायत तुमचे लोक?" काय करू?
— द्विधा, किचनर

प्रिय द्विधा,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं. "जीव अडकलाय" हे स्थळ बघून आलेल्या मुलानं म्हणायचं वाक्य आहे. पण मग आठवलं की मीही अकरा हिवाळे एका ज्युनियर संघासाठी रिंकच्या वरच्या कोपऱ्यात बसून पोरं बघितली, मानधन म्हणजे पेट्रोल आणि कॉफी, आणि माझाही जीव दरवर्षी कुणात ना कुणात अडकायचाच. ज्याचा अडकत नाही त्यानं हे काम करू नये. अडकला की तो तपासायचा कसा, एवढंच शिकावं लागतं.

आइस हॉकी फक्त टीव्हीवर ओझरती पाहिलेल्या वाचकांसाठी दोन ओळी. पक म्हणजे बर्फावर सरकणारी रबरी चकती. विंगर कडेनं खेळतो, सेंटर मधून. दर जूनमध्ये एनएचएलचे ३२ क्लब आळीपाळीनं सतरा-अठरा वर्षांची पोरं निवडतात. सात फेऱ्या, म्हणजे २२४ नावं. याला ड्राफ्ट म्हणतात. त्यातली बहुतेक पोरं लगेच मोठ्या संघात जात नाहीत. आणखी दोन, तीन, कधी पाच वर्षं ज्युनियरमध्ये, कॉलेजात किंवा दुय्यम लीगमध्ये घासतात. म्हणजे द्विधाला आज कोण चांगला खेळतो हे सांगायचंच नाहीये. बावीस-तेविसाव्या वर्षी कोण चांगला खेळेल हे सांगायचंय. आपल्याकडे म्हणतात मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. दिसतात की! पण त्या पायात पुढं कुठल्या मापाचा जोडा बसेल, हे पाळण्यात वाकून कळत नाही.

तू पत्रात दोन गोष्टी कंसात टाकल्यास. त्या आधी कंसाबाहेर काढू.

ड्राफ्टची वयाची रेघ १५ सप्टेंबरला असते. त्या दिवसापर्यंत अठरा पूर्ण होणारा पोरगा त्या वर्षीच्या जूनमध्ये बसतो, एका दिवसानं जरी चुकला तरी पुढच्या वर्षी. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७चा. दोन दिवसांनी हुकला म्हणून २०१५ ऐवजी २०१६ला आला आणि पहिला निवडला गेला. आता तुझी दोघं बघ. विंगर ऑक्टोबरचा, म्हणजे तोही असाच मागच्या वर्षी रेघेबाहेर राहिलेला. सेंटर २८ ऑगस्टचा, म्हणजे या वर्षीच्या पंगतीत जवळजवळ शेवटच्या पाटावर. दोघांत दहा-अकरा महिन्यांचं अंतर. चाळिशीत दहा महिने म्हणजे काहीच नाही, पण सतराव्या वर्षी दहा महिन्यांत खांदे रुंदावतात, मांड्या भरतात, आवाजसुद्धा बसतो. शिवाय माझा अंदाज बरोबर असेल तर विंगरचा ओएचएलमधला हा तिसरा हंगाम असणार आणि सेंटरचा दुसरा. एक पोरगा बारावीला आणि दुसरा अकरावीला, आणि आपण दोघांची एकच गुणपत्रिका शेजारी ठेवून बघतोय. विंगरचे मागच्या हंगामाचे आकडे काढ आणि ते सेंटरच्या या हंगामाशेजारी ठेव. ती तुलना जास्त सरळ होईल.

रॉजर बार्न्सली नावाच्या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञानं १९८५च्या सुमारास दाखवून दिलं होतं की इथल्या वरच्या दर्जाच्या हॉकीत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली पोरं भसाभस सापडतात आणि वर्षाच्या शेवटी जन्मलेली तुरळक. कारण लहानपणापासून वयोगटाची रेघ १ जानेवारीला. आठव्या वर्षी जो दहा महिन्यांनी मोठा असतो त्याला चांगला संघ, चांगला प्रशिक्षक, बर्फावर जास्त वेळ मिळतो आणि मग तो खरोखरच चांगला होतो. या चाळणीतून जो ऑगस्टचा बुटका पोरगा ओएचएलपर्यंत पोचलाय, त्याच्याकडे काहीतरी असणार असं मी गृहीत धरून चालतो. धरून चालतो म्हणजे तपासायला सुरुवात करतो, लगेच यादीत चढवत नाही. अॅलेक्स डिब्रिंकॅट आठव. ५ फूट ७ इंच, ईरी ऑटर्सचा, आणि जन्म डिसेंबरचा, म्हणजे तुझ्या विंगरसारखाच वर्गात मोठा. पहिल्या हंगामात ५१ गोल केले तर लोक म्हणाले संघात कॉनर मॅकडेव्हिडसारखा सितारा होता म्हणून. मॅकडेव्हिड एनएचएलला गेला, यानं पुन्हा ५१ केले. तरी २०१६ला ३९वा गेला आणि तीन वर्षांच्या आत एनएचएलमध्ये एका हंगामात ४१ गोल करून मोकळा झाला. तेव्हा वय, उंची ही सगळी वजनं तराजूत टाकायची, पण तराजू एकाच वजनानं खाली बसवायचा नाही.

आता ३८ गोल. तू विमावाला माणूस, तुला आकड्यांबद्दल मी काय सांगणार! पण कामावर जी अक्कल आपण वापरतो ती रिंकच्या दारात बूट काढल्यासारखी काढून ठेवतो, हे मी स्वतःचंच बघितलंय. २०१६च्या जानेवारीत कल्याणच्या प्रणव धनावडेनं शालेय सामन्यात नाबाद १००९ केल्या तेव्हा आपण सगळ्यांनीच पेढे वाटले. धावा खऱ्या होत्या, त्या पोरानं एकेक करून काढल्या, त्याची त्यात काही चूक नाही. पण समोरचा संघ किती कच्चा होता आणि सीमारेषा किती जवळ होती, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. आपण त्या कोवळ्या पोराच्या खांद्यावर भलतंच ओझं दिलं.

तर एक संध्याकाळ काढ. विंगरचे अडतीसच्या अडतीस गोल व्हिडिओवर एकामागून एक लाव. बायकोला सांग ऑफिसचं काम आहे. किती पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा एक गडी शिक्षेमुळे बाहेर असताना, झाले? पहिल्या फळीबरोबर पाच विरुद्ध चार खेळताना गोलसमोर उभं राहून आत ढकललेला पक आणि पाच विरुद्ध पाच खेळताना स्वतः वाट काढून मारलेला पक, यांना एकाच रकान्यात घालू नकोस. किती गोल तळाच्या संघांविरुद्ध? किती रिकाम्या जाळीत? आणि मुख्य म्हणजे, ज्या जागेतून त्यानं मारलं ती जागा त्याला वर मिळणार आहे का? रिंक तेवढंच असतं, २०० फूट बाय ८५ फूट, ओएचएलमध्येही आणि एनएचएलमध्येही. पण वरची माणसं मोठी आणि चपळ असतात, त्यामुळे तेच रिंक चाळीतल्या खोलीसारखं वाटायला लागतं. सोळा वर्षांच्या डिफेन्समनला खांद्यानं बाजूला सारून केलेला गोल वर होत नाही. बचावपटू जवळ यायच्या आत, पाऊल न थांबवता, मनगटाच्या झटक्यानं सोडलेला पक वरही जातो. मोज. अडतिसातले असे दहा-बारा निघाले तर तुझे मुख्य स्काउट बरोबर आहेत आणि तू गुपचूप मान्य कर.

असिस्टलाही हीच चाळण लाव. हॉकीत एका गोलला दोघांना असिस्ट मिळू शकतं. शेवटचा पास देणाऱ्यालाही आणि त्याच्या आधीच्यालाही. त्या आधीच्यानं कधी कधी फक्त आपल्या गोलीजवळून, म्हणजे गोलरक्षकाजवळून, पक पुढं सरकवलेला असतो आणि तेवढ्यात तो बेंचवर जाऊन बसलेलाही असतो. ४१ पैकी शेवटचे पास किती? आणि ते घेणारे कोण होते? चांगल्या विंगरच्या शेजारी कुणीही पासबहाद्दर दिसतो. तुझा ऑगस्टचा पोरगा दुसऱ्या फळीत कच्च्या विंगरबरोबर खेळत असेल तर ४१चा भाव वाढतो, पहिल्या फळीत असेल तर उतरतो.

हे झालं घरबसल्याचं काम. खरी मेख रिंकवर आहे.

कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या तालमीत वस्ताद नव्या पोराला लगेच कुस्ती लावत नसत. हौद्यातली माती उकरायला लावायचे आणि स्वतः कट्ट्यावर बसायचे, डोळे अर्धे मिटून. आम्हाला वाटायचं म्हातारा पेंगतोय. तो बघत असायचा की खोऱ्यावर वाकताना पोराची कंबर कशी वळते, दम लागल्यावर तो इकडेतिकडे बघतो की खाली मान घालून उकरत राहतो. डाव शिकवता येतात म्हणायचे, बाकीचं बघून घ्यावं लागतं. ओंटारियोत येऊन मला नोकरी, भाषा, बर्फ सगळं नवीन होतं, पण रिंकमध्ये बसल्यावर पहिल्यांदा वाटलं की हे काम मी आधी कुणालातरी करताना पाहिलंय.

एक शिफ्ट, म्हणजे बेंचवरून उतरून परत येईपर्यंतचा बर्फावरचा वेळ, साधारण पाऊण मिनिटाची. पुढच्या मॅचला एकेक शिफ्टभर पक सोडून दे आणि फक्त त्या पोराला बघ. अवघड जातं, नजर पकमागे पळते. पळू दे, परत आण. त्याच्याकडे पक यायच्या आधी त्याची मान किती वेळा वळते ते मोज. खांद्यावरून मागे बघतो का? एकदा? दोनदा? पक घ्यायला कठड्याकडे जाताना पाठीवर कोण येतंय हे त्याला आधीच माहीत असतं, की धडक बसल्यावर कळतं? ज्या पोराला आधी माहीत असतं तो हळू दिसला तरी वेळेवर पोचतो.

इथंच मी एकदा सपशेल आपटलो. एका सेंटरबद्दल मी वहीत लिहिलं होतं: "आळशी. पाय चालवत नाही. नको." तीन मॅचेस बघून लिहिलं होतं, घाईनं नव्हे. सगळे जीव तोडून पळत असताना हा मध्ये नुसता सरकत असायचा, स्टिक बर्फावर टेकवून, बाजारात भाजी बघत फिरल्यासारखा. पुढं तो एनएचएलमध्ये बरीच वर्षं खेळला. मी ती जुनी टेप काढून पुन्हा बघितली तेव्हा घाम फुटला. तो सरकत होता कारण त्याला पळायची गरजच पडत नव्हती. बाकीचे पक जिथं होता तिथं धावत होते आणि हा पक जिथं येणार तिथं आधीच जाऊन उभा होता. मी तिन्ही वेळा पकच बघत बसलो होतो आणि तो चौकटीत आला की तेवढ्यापुरतं त्याच्याकडे बघत होतो. वही अजून आहे माझ्याकडे. त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवलाय.

तुझ्या विंगरसाठी एक खास जागा सांगतो. आपल्याच टोकाकडून डिफेन्समन कठड्याच्या कडेनं पक जोरात फिरवतो आणि विंगरनं तो भिंतीला पाठ लावून घ्यायचा असतो, समोरून प्रतिस्पर्धी डिफेन्समन अंगावर येत असताना. कुणी टाळ्या वाजवत नाही या कामाला. पण प्रशिक्षक अठरा वर्षांच्या विंगरला शेवटच्या पाच मिनिटांत बर्फावर ठेवेल की बेंचवर, ते इथं ठरतं. ६ फूट ४ इंचाचा पोरगा तिथं पक पायात अडकवून बसतो का, घाबरून आंधळा भिरकावतो का, की एका स्पर्शात मधल्या सेंटरला देतो? दहा वेळा बघ आणि दहाचे आकडे लिही.

सेंटरसाठी दुसरी जागा: पक गमावल्यानंतरची पहिली तीन पावलं. त्याच्या आधी खांदे पाडून वर आकाशाकडे बघणारी पोरं मी पुष्कळ पाहिली. दुसऱ्या पीरियडमध्ये बघ, कारण तेव्हा संघांची टोकं बदललेली असतात, आपला बचाव बेंचपासून लांब पडतो आणि दमलेल्या माणसाला बदलून घेता येत नाही. अडकलेला पोरगा दीड-दोन मिनिटं बर्फावर राहतो. तेव्हा जे दिसतं ते खरं. आणि ओएचएलमध्ये शुक्रवार, शनिवार, रविवार अशा तीन दिवसांत तीन मॅचेस लागल्या असतील तर रविवारच्या दुपारची सोडू नकोस. शुक्रवारी सगळेच हिरो असतात. रविवारी, बसमध्ये झोपून आलेला ५ फूट ९ इंचाचा पोरगा गोलसमोरच्या गर्दीत शिरतो की बाहेरच्या बाहेर गोल गोल फिरतो, यावर माझ्या दृष्टीनं तुझं अर्धं उत्तर आहे. बुटक्या पोरांची खोड हीच असते. मार चुकवायला ती कडेकडेनं खेळायला शिकतात आणि ज्युनियरमध्ये त्यावरही आकडे जमतात. वर कडेला काहीच ठेवलेलं नसतं. आणखी एक, वर गेल्यावर तो सेंटर राहील का? फेसऑफ (दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू होतो तो), आपल्या गोलसमोर आडदांड माणसाला रोखणं, हे रोज करायचं. ज्युनियरमधले अनेक सेंटर वर जाऊन विंगर होतात. तू त्याला सेंटर म्हणून वर ठेवतोयस का, आणि विंगर म्हणून बघितला तरी तिथंच ठेवशील का?

मोठ्या पोरांवरही अन्याय नको. सतराव्या वर्षी ६ फूट ४ इंच म्हणजे वासरासारखं असतं, पाय एकीकडे आणि धड दुसरीकडे. स्केटिंग बेढब दिसतं, वळताना धार निसटते. यातलं काही वयानं आणि मेहनतीनं सुधारतं. ब्रेडन पॉइंट २०१४ला ७९वा गेला, कारण उंची कमी आणि स्केटिंगबद्दल शंका. टँपाच्या क्लबनं त्याला बार्ब अंडरहिलकडे दिला. ही बाई १९८४ची फिगर स्केटिंगमधली जोडीची जगज्जेती, हॉकीवाल्यांना पाय टाकायला शिकवते. पॉइंटनं पुढं दोन स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं, जिंकले आणि एका हंगामात ५१ गोल केले. पाय सुधारता येतात हे त्यावरून दिसतं. खेळ वाचण्याची नजर अठराव्या वर्षानंतर कुणी कुणाला शिकवल्याचं मी फारसं पाहिलं नाही. उंची तर दुकानात मिळत नाहीच. म्हणून तुझ्या विंगरच्या पायांपेक्षा मला त्याच्या मानेबद्दल जास्त ऐकायचं आहे. मान वळत असेल तर बेढब पायांसकट घे त्याला.

गोलींबद्दल तू विचारलं नाहीस हे उत्तम केलंस. गोली म्हणजे अढीतला आंबा. कधी पिकेल ते वरून चेपून कळत नाही. कॉनर हेलेबक २०१२ला १३०वा निवडला गेला आणि २०२५ला लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हार्ट ट्रॉफी घेऊन गेला.

एक प्रश्न तुझ्या पत्रात राहिला तो मी विचारतो: क्लब या दोघांना कुठल्या फेरीत बघतोय? पहिल्या फेरीत चुकायची चैन नसते. तिथं निवड वाया गेली की पाच वर्षं बोलणी खावी लागतात, म्हणून तिथं धडधाकट, कमी जोखमीचा विंगर समजू शकतो. पण चौथ्या-पाचव्या फेरीत निवडलेल्या बहुतेक पोरांच्या नशिबी एनएचएल नसतंच. तिथं "बरा आहे, दुय्यम लीगमध्ये टिकेल" अशा पोराला घेऊन काय मिळवलं? तसे खेळाडू पुढं बाजारात स्वस्तात मिळतात. तिथं असा पोरगा घ्यावा ज्याचं जमलं तर पहिल्या दोन फळ्यांत खेळेल. सेंट्रल स्काउटिंगच्या यादीत सेंटर खाली आहे म्हणतोस ना? मग त्याला विंगरच्या वर ठेवायचा हट्ट कशाला? "चौथ्या फेरीत हा उरला असेल तर मी टेबलावर हात आपटून मागेन," असं लिही. हे वाक्य मुख्य स्काउटच्या जास्त उपयोगाचं आहे. आणि रिपोर्टमध्ये "झुंजार", "चारित्र्यवान", "इंजिन जबरदस्त" असले शब्द नकोत. ते सगळेच सगळ्यांबद्दल लिहितात. तारीख, पीरियड, घड्याळातली वेळ आणि त्यानं काय केलं ते लिही. दुसऱ्याची यादी बघायच्या आधी तुझी कागदावर उतरव. जानेवारीची यादी तू आधीच बघितलीस, ते आता पुसता येत नाही, पण तिला डोक्यात बसू देऊ नकोस.

जूनमध्ये बफेलोला कंबाईन होतो तेव्हा तुझा मोठा पोरगा चमकेल, हे आत्ताच सांगून ठेवतो. ड्राफ्टआधीची ही चाचणी म्हणजे कांदेपोहे. पोरं कोट घालून एका क्लबच्या खोलीतून दुसऱ्या क्लबच्या खोलीत जातात, तेच तेच प्रश्न, तीच पाठ केलेली उत्तरं, मग सायकलवर उलटी होईपर्यंत पाय मारायचे. २०१४च्या कंबाईनमध्ये (तेव्हा तो टोरोंटोला व्हायचा) सॅम बेनेटला एकही पुलअप काढता आला नाही आणि केवढा गवगवा झाला. तो चौथा निवडला गेला आणि २०२५ला फ्लोरिडाकडून प्लेऑफ्सचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. दंडाची बेटकुळी बघून कुणाला वर चढवू नकोस, कुणाला उतरवूही नकोस.

आता वहिनी.

तुझ्या बायकोनं जे म्हटलं ते तुला लागलं, कारण ते थोडं खरं आहे. असू दे. आपल्या भाषेत हाक मारणारा पोरगा परक्या बर्फावर दिसला की कुणाचंही आतडं पिळवटतं, माझंही पिळवटलं असतं. त्यासाठी त्याला यादीतून काढून टाकणं किंवा मुद्दाम दोन पायऱ्या खाली ढकलणं हासुद्धा पक्षपातच झाला, फक्त उलट बाजूचा. मुख्य स्काउटना आज एक ओळ पाठव: "या कुटुंबाशी माझी घरगुती ओळख आहे. माझा रिपोर्ट देतो, पण या पोराला माझ्याशिवाय आणखी दोघांनी बघावं." एवढंच. त्यामागे खुलासे, दिलगिऱ्या जोडू नकोस. हे तू आपणहून सांगितलंस तर तुझ्या शब्दाची किंमत वाढेल. जूनमध्ये दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तुझ्या मागच्या दीड वर्षाच्या सगळ्या वह्या रद्दीत जातील. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही. आणि दुसऱ्या दोघांपैकी एकाला जरी तुझ्यासारखंच दिसलं, तर तुला तुझ्या डोळ्यांबद्दल जे हवंय ते उत्तर मिळेल. दोघांनाही नाही दिसलं तर तेही उत्तरच.

वहिनींना मात्र यादीतलं अक्षरही सांगायचं नाही. चांगलं तर मुळीच नाही. वाईट सांगितलंस तर त्या रडतील आणि विसरतील. चांगलं सांगितलंस तर ती गोष्ट रात्रीत पुण्याच्या मावशीपर्यंत जाईल, सकाळी एजंटपर्यंत, आणि दुपारी तुझ्या क्लबपर्यंत परत येईल. त्यांना सरळ सांग, "वहिनी, हे माझं ऑफिस आहे, तुम्ही ऑफिसातलं विचारू नका, मी घरातलं सांगत नाही." सेंट्रल स्काउटिंगची शेवटची यादी एप्रिलमध्ये सगळ्यांसमोर येतेच, ती त्यांनी बघावी.

पण जे गुपित नाही ते जरूर सांग, कारण इथं नवीन असलेल्या आईला हे कुणी सांगत नाही. जूनमध्ये नाव आलं नाही म्हणजे शेवटची लोकल सुटली असं नाही. ब्रिटिश कोलंबियातल्या सरीचा अर्शदीप बैन्स ड्राफ्टमध्ये कुणालाच नको होता. २०२१-२२ला त्यानं ११२ गुण करून डब्ल्यूएचएलमध्ये, म्हणजे पश्चिमेकडच्या ज्युनियर लीगमध्ये, पहिला नंबर काढला, व्हँकूवरनं करार केला आणि तो एनएचएलमध्ये खेळला. शिवाय ऑगस्ट २०२५पासून ओएचएलमध्ये खेळलेल्या पोरांना अमेरिकन कॉलेजात पहिल्या श्रेणीची हॉकी खेळायची मुभा मिळाली आहे. आधी ते दार बंद होतं. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, अजून अंग न भरलेल्या पोराला आणखी दोन-तीन वर्षं शिकत शिकत वाढायला मिळणं ही लहान गोष्ट नाही. आणि आजी फोनवर "गोल किती झाले रे?" विचारत असेल, तर तिला कुणीतरी असिस्ट म्हणजे काय ते समजावा. पोरगं बिचारं एकेचाळीस जणांच्या तोंडात घास घालतंय आणि घरात कौतुक शून्य.

या रविवारी मॅच असेल तर तिसऱ्या पीरियडला जागा बदल. वरच्या कोपऱ्यातून खाली ये आणि त्यांच्या बेंचच्या समोर बस. गोल खाल्ल्यावर सेंटर परत येतो तेव्हा प्रशिक्षकाकडे बघतो की शेजारच्या विंगरशी बोलायला लागतो, ते टिपून घे. विंगरचंही टिप. मला पाठवू नकोस, ते तुझ्या क्लबचं आहे. पाडव्याला वहिनींनी डबा पाठवला तर परत करू नकोस, खा. समोर बसून यादीचं विचारलंच तर तोंडात चकली ठेव.

तुझा,
काका